समासातले प्रश्न

आई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात अँटॉप हिलहून दादाचा फोन आला. "आईची ती फाइल अजून उघडत नाही गं. वर्डमध्ये करून पाठव ना."

मी फोन कट केला.

आई परळच्या शाळेत शिकवायची. निवृत्तीनंतर तिनं लालबागच्या आमच्या चाळीतल्या दिवसांबद्दल साठेक पानं लिहिली, मी तिच्या कॉम्प्युटरवर घालून दिलेल्या फुकटच्या ऑफिस प्रोग्रॅममध्ये. दादाला ती तीनदा पाठवली. तीनदा त्यानं हेच सांगितलं. "माझी फाइल नीट नाही काय गं?" तिनं मला विचारलं होतं. नीटच होती. कुणालाही उघडता यावी म्हणून तर त्या प्रोग्रॅममधल्या फाइलचं स्वरूप खुलं असतं, कुठल्या एका कंपनीचं नसतं. आता गेल्यावरही तिनंच बदलायचं?

प्रोग्रॅम लिहिणं हे माझं कामच. रागारागानं मी ब्राउझरसाठी एक एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लिहायला घेतलं. फाइलवर क्लिक केलं की ती तिथेच दिसावी.

"पीडीएफ कर की, येडपट," दादा म्हणाला.

मी केली नाही. फाइलच्या आतली एकेक खूण ओळखून परिच्छेद, ठळक अक्षरं, तक्ते मांडत गेले. शेऱ्यांची खूण तेवढी वगळली. समासातले शेरे कोण वाचतं?

एक्स्टेन्शन दादाला पाठवलं. संध्याकाळी त्याचा मेसेज आला : "उघडली. छान."

छान! एवढ्या पानांना एक शब्द! त्याला खरमरीत लिहायचं म्हणून मी आईला स्वतः काय कळवलं होतं ते शोधलं. तिनं मलाही पाठवलेली फाइल मी मोबाइलवर वरवर चाळली होती. माझंही उत्तर तेच होतं. "छान."

मग तिच्याच कॉम्प्युटरवर फाइल उघडली. समासात पिवळ्या चौकटी होत्या, आईचे शेरे. दादासाठी : "पतंगावरून बाबांनी तुला मारलं तेव्हा मी मध्ये पडले नाही. अजून राग आहे?" माझ्यासाठी : "दहावीच्या निकालादिवशी जिन्यात बसून का रडत होतीस? पहिली आली होतीस ना?"

ते शेरे एक्स्टेन्शनमध्ये दिसायला एक दुपार लागली. फक्त एक दुपार. दादाला ते पुन्हा पाठवलं, 'समासात बघ' एवढंच लिहून.

माझ्या एक्स्टेन्शनमध्ये फाइल नुसती वाचता येते. उत्तर लिहायची सोय मी ठेवलेलीच नाही.