पाय तपासला : हो

“पाय खाली घ्या आधी. वास येतोय.”

डॉक्टर मान वर न करता बोलले. जखम दाखवायला मी पाय स्टुलावर ठेवला होता. दारातल्या रांगेतल्या दोघींनी नाकाला पदर लावला. मी गुपचूप पाय खाली घेतला. जणू चोरी पकडली गेली होती. डॉक्टरांनी मागच्याच गोळ्या लिहिल्या आणि पुढच्याला हाक मारली.

मी पिंपळनेरच्या बाजारात बांगड्या भरते, आसपासची गावंही पायीच फिरते. सात वर्षं साखरेचा आजार आहे. आधी पायाला मुंग्या यायच्या, आता काहीच कळत नाही. त्या आठवड्यात बांगडीची काच तळव्यात घुसली. फरशीवर रक्त दिसलं तेव्हा मीच विचारलं, कोणाला लागलं? मलाच लागलं होतं. सासूचा पाय असाच काळा पडून कापावा लागला होता. मला फार भीती वाटली. म्हणून मी धुळ्याकडच्या दवाखान्यात, दर महिन्याला जाते तिथेच, पाय घेऊन गेले. दवाखान्याचं नाव घेत नाही.

चिडायलाही बळ उरत नाही हो. चपला ठेवून रांगेत जागा धरा, रक्त द्या, दुसऱ्या रांगेत जा. जीव मेटाकुटीला येतो.

शेवटची खिडकी गोळ्यांची. खिडकीतल्या बाबूने नेहमीचा छापील कागद सरकवला. “मावशी, अंगठा टेका. लवकर.”

इथे माझी चूक सांगते. माझी चौथी झालीय. सही येते. पण अक्षरं जुळवत बसलं की मागचे ओरडतात, म्हणून सात वर्षं अंगठाच देत आले. कागद कधी वाचला नाही.

त्या दिवशी शाईचं पॅड वाळलं होतं. बाबू पाणी आणायला उठला, तेवढ्यात वाचलं.

‘डॉक्टरांनी ऐकून घेतलं : हो. पाय तपासला : हो. सेवेबद्दल समाधानी : हो.’

खुणा आधीच केलेल्या. फक्त अंगठ्याची जागा रिकामी. म्हणजे सात वर्षं मीच सांगत होते की माझा पाय पाहिला. मला माझीच लाज वाटली. मग राग आला.

मी रोज परक्या बायकांचे हात हातात घेते. हळूच दाबून, बोटं मिटवून बांगडी चढवते. कोणाला दुखू नये एवढं बघते. माझ्या पायाला तिथे कोणाचं बोट लागलं नाही.

बाबू परत आला तोवर मी ‘हो’ खोडून ‘नाही’ लिहिलं होतं. तिन्ही ठिकाणी.

“मग गोळ्या तरी कशाला नेता?” तो भडकला.

मागची म्हातारी कळवळली, “दी दे ना अक्का अंगठा. बठ्ठाच देतस.” सगळेच देतात म्हणे.

“मना पाय कोनीच देखा नही,” मी मोठ्याने म्हणाले. आणि सही केली, पूर्ण नावाची. रांग ओरडली. मी ओरडू दिली.

गोळ्या मिळाल्या. खिडकी बंद व्हायच्या वेळी, फेकल्यासारख्या. पाय मात्र त्या दिवशीही कोणी पाहिला नाही. जखम मीच धुते, खाली आरसा धरून तळवा बघते. अजून भरली नाही.

पुढच्या महिन्यात जाणार आहे. पाय त्याच स्टुलावर ठेवणार. वास येईल. येऊ दे. बघितल्याशिवाय खाली घेणार नाही, आणि अंगठा तर कधीच देणार नाही.