रिकामा सोडलेला रकाना

‘चिठ्ठी आणली का?’

टेबलापलीकडे तिघं बसले होते. मी उभी होते. माझ्या बाजूला एक रिकामी खुर्ची होती. बस म्हणून कोणी म्हटलं नाही.

मी पिशवीतून गुणपत्रक काढून पुढे केलं.

‘हे नाही हो. चिठ्ठी. कोणाची माणसं तुम्ही?’

‘मी चाकूरची, सर.’

तिघंही हसले. विभागप्रमुखांनी माझा फॉर्म उलटला. मागच्या बाजूला ‘इतर उपक्रम’ असा एक रकाना होता. तो मी कोरा सोडला होता. त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

‘इथं काहीच नाही? मग लातुरात भाऊसाहेबांच्या सत्काराला घागरी कोण बडवत होतं? तुमची जुळी बहीण?’

मी गुणपत्रक परत पिशवीत सरकवलं.

‘घोषणा काय होती? द्या बघू. आम्हालाही ऐकू द्या.’

मला वाटलं, दिली तर प्रवेश देतील. खरंच असं वाटलं. मी फरशीकडे बघून म्हणाले, ‘पाणी द्या, सावली द्या.’ घोषणेचा पुढचा अर्धा भाग मी गिळला.

‘आवाज बरा आहे,’ उजवीकडचे गृहस्थ म्हणाले. ‘भाजी विकायला उपयोगी पडेल.’

शेक्सपिअर कोणी विचारला नाही. व्याकरण विचारलं नाही. मी रात्रंदिवस पाठ केलेलं सगळं तसंच डोक्यात घेऊन बाहेर आले. वऱ्हांड्यात माझे वडील, अप्पा, भिंतीला टेकून उभे होते.

‘काय इचारले गं?’

‘इंग्रजीचं विचारलं,’ मी म्हणाले.

पोरांनो, मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही हसत विचारलंत, आजी, तू एवढी जाडजाड इंग्रजी पुस्तकं वाचतेस, शाळेत पोरांना इंग्रजी शिकवलंस, मग तुझ्या नावापुढे नुसतं बी.ए. का? मी विषय बदलला. दिवसभर त्याचं वाईट वाटत राहिलं. म्हणून हे लिहिते आहे. क्रमानं लिहिते, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही.

आमचं घर चाकूरला. अप्पांचं किराणा दुकान. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय ते कुलूप काढायचे नाहीत, आणि कोणाशी वाकडं बोलायचे नाहीत. दुकानदाराला सगळ्यांशी गोड राहावं लागतं, हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान. मी लातूरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग वाळला नव्हता. लोक म्हणायचे, आता कामासाठी उस्मानाबादला खेटे घालायला नको, साहेब दारात आला. साहेब आला. पाऊस आला नाही.

कॉलेजच्या वसतिगृहाच्या विहिरीला पाणी उरलं नाही, तेव्हा आम्हाला घरी पाठवलं. चाकूरच्या बाहेर रोजगार हमीतून पाझर तलावाचं काम चालू होतं. मला लिहिता येतं म्हणून मुकादमानं हजेरी लिहायला बसवलं. कामावर प्यायचं पाणी, सावलीला मांडव, लेकरं सांभाळायला एक बाई, हे सगळं नियमात होतं. नियम कागदात होता. कामावर काही नव्हतं. सोजरबाई नावाची एक बाई आपलं तान्हं दगडाच्या ढिगाआड निजवायची. ढिगाची सावली सरकेल तसं ते लेकरू सरकवत राहायची. एकदा ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

‘तुला लिवता येतंय न्हवं? मग आमचं लिव्ह की. का नुसती हजेरीच लिवून राहिलीस?’

मी अर्ज लिहिला. मग दुसरा. मग तिसरा. उत्तर नाही. तेवढ्यात लातुरात भाऊसाहेबांचा सत्कार ठरला. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. जिल्हा त्यांनीच आणला असं त्यांचे लोक सांगत. विद्यापीठाच्या कार्यकारिणीवरही तेच. कॉलेजात विरोधी पक्षाच्या विद्यार्थी संघटनेची सभासदत्वाची पावती मी फाडलेली होती. संघटनेच्या पोरांनी ट्रक मिळवला. चाळीसेक बाया रिकाम्या घागरी घेऊन मांडवात शिरल्या आणि हार घालायच्या वेळेला दगडांनी घागरी बडवायला लागल्या. सर्वांत पुढे मी. ‘पाणी द्या, सावली द्या, नाहीतर खुर्ची खाली करा!’

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. अप्पांनी तो पेपर दुकानात पुड्या बांधायला घेतला नाही. घडी करून गादीखाली ठेवला. अभिमान वाटला की भीती, मला कधी कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

निकाल लागला. इंग्रजीत माझा पहिला वर्ग आला. एम.ए.साठी तेव्हाच्या विद्यापीठाचं एक केंद्र नांदेडला होतं. मी फॉर्म आणला. ‘इतर उपक्रम’च्या रकान्यापाशी पेन थांबला. अप्पा शेजारी बसले होते. त्यांचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. काळजी वाटली की तो तिकडे जायचा.

‘उगं कशाला, बाळ? रिकामं सोड.’

मी सोडलं.

मुलाखतीनंतर पंधरा दिवसांनी माझे मूळ दाखले पोस्टानं परत आले. त्याबरोबर फॉर्मही आला. तो यायला नको होता. फॉर्मच्या तळाशी शाईनं सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘गुणानुक्रमे निवड होऊ शकली नाही.’ आणि वरच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं, तिरकं: ‘लातूर घागरी. विरोधी गट. घेऊ नये.’

ही पेन्सिल तुम्हाला समजावून सांगायला हवी. कचेऱ्यांत तेव्हा अशी रीत होती. साहेब मनातलं पेन्सिलीनं लिहायचे. कारकून ते वाचून खाली शाईनं सभ्य भाषेत उतरवायचा आणि मग रबरानं पेन्सिल खोडायचा. खरं कारण खोडायचं, खोटं ठेवायचं. सगळ्या राज्यात असंच चालायचं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. माझ्या फॉर्मवर कारकुनाचं रबर फिरलं नव्हतं.

मी नांदेडला जाऊन फळ्यावरची यादी वाचली. माझ्यापेक्षा कमी गुण असलेली सहा नावं मी स्वतः ओळखत होते. त्यांच्याकडे चिठ्ठ्या होत्या.

त्या दिवशी मी केंद्राच्या पायरीवर बसून खूप वेळ तो फॉर्म बघत होते. राग त्यांचा आला होताच. पण एक गोष्ट त्याहून जास्त टोचत होती. त्या अख्ख्या कागदावर माझ्याबद्दलचं खरं वाक्य एकच होतं, आणि ते त्यांनी लिहिलं होतं. मी नव्हतं लिहिलं.

काझी वकील नांदेडचेच. म्हातारे, दम्याचे, फीच्या बाबतीत विसरभोळे. फॉर्म भिंगातून बघून म्हणाले, ‘बेटी, सरकारी दफ्तरातून खरं बाहेर पडलेलं मी तीस सालांत पहिल्यांदा बघून राहिलो. दावा लावू.’

दिवाणी न्यायालयात दावा लागला. राजकीय कारणावरून विद्यापीठानं प्रवेश नाकारला, तो द्यावा, असा. दावा लावताना मला वाटलं होतं, महिनाभरात निकाल लागेल. मी एम.ए.ची पुस्तकं ट्रंकेत भरून ठेवली होती.

तारीख पडली. पुढची पडली. समोरचे वकील आजारी. न्यायाधीश रजेवर. कागद आले नाहीत. चाकूरहून एस.टी.नं अहमदपूर, लोहा, नांदेड. दारातूनच परत. बसमध्ये पाण्याचे रिकामे डबे घेऊन निघालेली माणसं, आणि मी दाव्याचे कागद घेऊन निघालेली. आम्ही सगळेच कुठून तरी रिकामे परत यायचो. मग विद्यापीठाचं म्हणणं दाखल झालं. पेन्सिलीचा मजकूर वादीनं स्वतःच लिहिला आहे. वादी म्हणजे मी. मी माझ्याच फॉर्मवर ‘घेऊ नये’ लिहिलं होतं म्हणे!

केंद्रातले कारकून माणिकराव साक्षीला आले. खांदे पडलेला, मवाळ माणूस. मजकूर दाखवून काझी वकिलांनी विचारलं, हे अक्षर कोणाचं?

‘आठवत नाही, साहेब.’

‘पेन्सिल कोण खोडतं तुमच्याकडं?’

‘आठवत नाही.’

मधल्या सुट्टीत कोर्टाच्या आवारात पाण्याच्या माठापाशी ते एकटे दिसले. मी जवळ गेले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पेला भरला आणि माठाकडे बघतच म्हणाले, ‘त्या दिवशी रबर सापडलंच न्हाई, ताई.’

‘मग आत सांगा ना.’

‘तीन पोरी हायत मला.’

रबर खरंच सापडलं नव्हतं की त्यांनी शोधलंच नव्हतं, हे मी विचारलं नाही. आजही विचार करते. उपयोग काय, आत ते बोलले नाहीत.

माझी साक्ष पुढच्या तारखेला होती. त्याच्या चार दिवस आधी मुलाखतीतले ते उजवीकडचे गृहस्थ दुकानात आले. अप्पांनी त्यांना गादीवर बसवलं, चहा दिला. त्यांनी एक टाइप केलेला कागद काढला. त्यात माझ्या तोंडी लिहिलं होतं: मी कोणत्याही मोर्चात सहभागी नव्हते, दावा गैरसमजातून लावला, तो मागे घेते. खाली सहीची जागा.

‘एक जागा मोकळी आहे अजून,’ ते अप्पांना म्हणाले. ‘सही करा. परवा वर्गात बसेल. मुलगी हुशार आहे हो, आम्ही का नाही म्हणतो?’

ते गेल्यावर अप्पा बराच वेळ तराजूची साखळी सरळ करत बसले.

‘एक दस्तखत हाय, बाळ. तुझी पुस्तकं ट्रंकेत सडून राहिलीत.’

‘मी होते की मोर्चात, अप्पा.’

‘हाव. मला ठाव हाय. फोटो हाय माझ्याजवळ. कागदावर न्हाई म्हण, एवढंच. पयल्यांदा बी तसंच केलीस न्हवं?’

त्यांना मला टोमणा मारायचा नव्हता. ते सरळ मनानं बोलत होते. म्हणूनच ते लागलं. दुकानात त्याच वेळी सोजरबाई मीठ घ्यायला आली होती. ओट्याखाली उभी राहून तिनं सगळं ऐकलं होतं.

‘माय, तुझ्या कोर्टाच्या कागदात आमचं लिवलीस का?’

‘लिहिलंय.’

‘आन् पयल्या कागदात? भरती व्हायच्या?’

तिनं मीठ पदरात बांधलं.

‘घागर माझी पोचली तिथं बडवून. अजून गळून राहिली. तू न्हवतीस म्हण, तुझी मर्जी. आम्ही व्हतो.’

आणि ती निघून गेली.

मी तो कागद सहीशिवाय पिशवीत ठेवला. काझी वकिलांना कोर्टाच्या पायरीवर दाखवला.

‘तू ठरव,’ ते धापा टाकत म्हणाले. ‘पण एक सांगतो. तुला रकाना का कोरा सोडला विचारतील. म्हण, विसरले. खरं बोलशील तर केस ढिली पडेल. सगळ्यांनी खरंच बोलायचं ठरवलं तर वकिलांनी खायचं काय?’

पिंजऱ्यात मी उभी राहिले. इथेही उभीच. समोरच्या वकिलांनी फॉर्म वर धरला.

‘मोर्चात होतात?’

‘होते.’

‘मग हा रकाना रिकामा का? विद्यापीठाला फसवायला?’

काझी वकील माझ्याकडे बघत होते. विसरले, एवढंच म्हणायचं होतं.

‘भीतीनं,’ मी म्हणाले. ‘खरं लिहिलं तर घेणार नाहीत, अशी भीती होती. ती भीती खरी होती. बघा, कोपऱ्यात लिहिलंय.’

‘घोषणा काय देत होतात, ते कोर्टाला सांगा.’ त्यांना वाटलं, मी लाजेन.

मी वर बघून सांगितली. पूर्ण. मुलाखतीत गिळलेला अर्धा भागही. आवाज पट्टेवाल्यापर्यंत गेला, तो दारातून आत डोकावला. टाइप केलेला कागद पिशवीतून काढून मी न्यायाधीशांपुढे ठेवला आणि सांगितलं, हा मला चार दिवसांपूर्वी सहीसाठी दिला.

तुम्हाला वाटेल, इथं चित्र पालटलं. नाही. त्या कागदावर कोणाचीच सही नव्हती. विद्यापीठ म्हणालं, आमचा नाही. पुन्हा तारखा पडल्या. निकाल लागला तेव्हा त्या वर्षाच्या परीक्षा होऊन गेल्या होत्या. प्रवेशाचं वर्षच संपलं, सबब दाव्यात काही उरलं नाही, असं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. पेन्सिलीबद्दल एक शब्दही नाही. खरी म्हटलं नाही, खोटी म्हटलं नाही. पाच मिनिटांत पुढची केस.

काझी वकील म्हणाले, ‘चल बेटी, चहा घेऊ.’

मी नाही गेले. कोर्टातून चालत केंद्रावर गेले. नव्या वर्षाचे फॉर्म सुटले होते. एक घेतला, खिडकीच्या कठड्यावर ठेवून तिथंच भरला. नाव, गाव, गुण. मग तो रकाना. त्यात शाईनं लिहिलं: ‘लातूर येथील घागर मोर्चाचे नेतृत्व. मागणी: दुष्काळी कामावर पाणी व सावली. याच विद्यापीठाविरुद्ध दावा.’ रकाना पुरला नाही. समासात लिहिलं.

आत माणिकराव होते. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘ताई, कशाला? दुसरा फॉर्म देतो. पुन्हा तेच व्हईल.’

‘होऊ द्या. पण आता त्यांना पेन्सिल लागणार नाही. पोचपावती द्या.’

ते पावतीपुस्तक शोधायला लागले. मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले.

त्या वर्षी घेतलं नाही. पुढच्या वर्षीही मी फॉर्म भरला, त्याच्या पुढच्या वर्षीही. नंतर शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, तुमची आई पोटात होती तेव्हाही भरला. दर वेळी तोच रकाना, तीच ओळ, शाईनं. घेतलं नाही. अकरा पोचपावत्या माझ्या लोखंडी कपाटात वरच्या खणात आहेत, तारखेप्रमाणे लावलेल्या. माझ्या नावापुढे बी.ए. आहे. ते तसंच राहील. कोणी विचारलं तर आता विषय बदलणार नाही.