लाल पाकिटातली गोळी

वनिता पडली तेव्हा तिचं डोकं मशीनच्या लोखंडी पायावर आदळलं. अंग ताठ, दात आवळलेले, तोंडाला फेस. मी आधी बटण बंद केलं. पत्रावळीचा साचा हात भाजेल इतका तापतो. एकीनं हुंगवायला चप्पल आणली, दुसरीनं दातांत घालायला चमचा. दोघींना मी ढकललं. मिरगीत तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना. सात झाली. गाडी आली तरी झटके चालूच होते.

शहापूरच्या आमच्या सेंटरमध्ये मोठ्या माणसांना पळसाच्या पत्रावळी करायला शिकवतात. कागदावर त्यांना बौद्धिक दिव्यांग म्हणतात. समजायला वेळ लागतो, एवढंच. मी चौथी पास, तिथली इन्स्ट्रक्टर. वनिता बत्तीस वर्षांची. रोज गोळी घ्यायची, म्हणून दोन वर्षं झटका नव्हता.

डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्यायच्या चुकल्या आहेत. मॅनेजर सरांनी लगेच ठरवलं, हिला घरी बसवा, मशीनवर जीव जाईल. तिचा भाऊ प्रल्हाद सांगत होता की गोळ्या त्यानं वेळेवर आणल्या होत्या. त्यानं पाकीट दाखवलं. निळं होतं. एकही गोळी फोडलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी वनिता बोलायला लागली. मी विचारलं, "गोळी काहून नाई घेतली वं?"

"लाल नोयती. तूच सांगतलं ना मावशी, लाल नसन त घ्याची नाई."

दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची दिली होती. औषध तेच होतं. प्रल्हाद पहाटेच कामावर जातो, म्हणून गोळी तिची तिनं घ्यावी, हे मीच ठरवलं होतं. पाकिटावरचं इंग्रजी नाव तिला वाचता येत नाही, मलाही नाही. म्हणून मी रंग शिकवला.

सरांना मी म्हटलं, "ते बरोबर शिकली सर. चूक शिकवणारीची हाये. काढाचं असन त मले काढा."

सरांनी कोणालाच काढलं नाही. आता नवं पाकीट आधी सेंटरवर येतं. सर नाव वाचतात, मी त्यावर लाल टिकली चिकटवते. डॉक्टर हो म्हणेपर्यंत वनिता मशीनपासून लांब बसून हातानं पानं टाचते.

नियम शिकवला की तो अडला तर कोणाला विचारायचं, हेही शिकवायचं असतं. मी ते शिकवलं नव्हतं.

तरी वनिता वाचली.