नाव घातलेली ताटली

आमच्या शिवाजी पेठेत फुटबॉलचा सीझन आला की दोन गोष्टी वाढतात, आवाज आणि पाहुणे. तालीम म्हणजे आमच्याकडं पेठेचं मंडळच, कुस्तीबरोबर फुटबॉलचा संघही तिचाच. त्या वर्षी तालमीच्या संघात एक घानाचा खेळाडू आला आणि तालमीच्या लोकांनी त्याची सोय आमच्या माडीवरच्या खोलीत करून टाकली. मला कुणी विचारलं नाही. चहाला म्हणून आले, "वैनी, पावणं तुमच्याकडंच ऱ्हाणार बरं का," म्हणाले आणि कप ठेवून गेले. मीही फार ताणलं नाही. घरात खाणारं माणूस वाढलं की मला बरं वाटतं.

आला त्या दिवशी त्यानं मला नमस्कार केला, ह्यांना केला, लेकीला केला, उंबऱ्यात बसलेल्या शेजारणीला केला, आणि वर गेल्यावर खिडकीतून समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यालाही केला. गिरणीवाला आठवडाभर तेच सांगत फिरत होता.

पहिल्या रात्री मी त्याला मटणाचा डबा दिला. सकाळी डबा परत आला तो धुऊन, आणि आत दोन केळी. मी बघतच राहिले. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे मला माझ्या आईनं शिकवलेलं. ह्या बाबाला कुणी शिकवलं? तर त्याच्याही आईनंच. त्या दिवसापासून तो घरचा झाला आणि मला काकी म्हणायला लागला.

आता खरी गोष्ट सांगते. माझी लेक नर्स आहे आणि तेव्हा तिला जर्मनीतल्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती. भाषेची परीक्षा झाली, कागद झाले, बाप तर पहिल्यापासूनच तिच्या बाजूचा. घोडं अडलं होतं ते माझ्यापाशी. "तू हो म्हटलीस तरच मी जातो," असं तिनं सांगून टाकलं होतं. आमच्याकडच्या पोरी 'जातो, येतो' असंच बोलतात. मीही तशीच बोलते, लिहिताना तेवढं शाळेतलं आठवतं.

आणि मी हो म्हणत नव्हते. मला भीती वाटत होती. एकुलती एक पोर तिथं एकटी पडेल, तापानं फणफणली तर कपाळावर हात ठेवायला कोणी नसेल, आणि हळूहळू तिला त्याची सवय होऊन जाईल. त्या सवयीचीच मला जास्त धास्ती होती.

अशात मला कळलं की आमचा पाहुणा इकडं येण्याआधी जर्मनीत राहून आलाय. देवच पावला म्हणायचा. मी रविवारी त्याला जेवायला बोलावलं, लेकीला शेजारी बसवलं आणि म्हटलं, तिकडं कसं असतं ते ह्या पोरीला खरं खरं सांग. तो इंग्रजीत बोलणार आणि मला ते मराठीत सांगणार कोण, तर लेकच. चोराच्या हाती किल्ल्या दिल्यासारखं झालं, पण पोर खोटं बोलायची नाही एवढी खात्री होती.

तो सांगत गेला आणि मला मनातल्या मनात उकळ्या फुटत गेल्या. पहिल्याच दिवशी बसमध्ये चढल्या चढल्या त्यानं सगळ्यांना मोठ्यानं नमस्कार घातला. त्याच्या गावात न बोलता आत येतो तो एकतर चोर, नाहीतर भांडून आलेला. बसमधल्या लोकांनी मोबाईलमध्ये डोकी घातली आणि एका बाईनं पर्स उचलून मांडीवर घेतली. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिवा असेपर्यंत माणसं खांबासारखी उभी. रविवारी दुकानं बंद, आवाज बंद. एका रविवारी हा भांडी घासत गाणं म्हणत होता, तेवढ्यात दार वाजलं. आपल्याकडं कोणीतरी आलं म्हणून ह्याला केवढा आनंद. दार उघडून या, बसा, जेवायला थांबा, असं सगळं म्हणून झालं. तो गृहस्थ गाणं बंद करा हे सांगायला आला होता.

मी हसले, पण लेकीकडं बघत हसले. वर आणखी रात्रीच्या जेवणाला थंड पाव आणि चीज, गॅस पेटवायचाच नाही, हे ऐकल्यावर तर मला राहवलं नाही. थंड पावावर राहशील का म्हणून विचारलं. ती शांतपणे म्हणाली, मी पेटवीन की गॅस.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण हाव सुटली. मी विचारलं, शेजारी तरी कोण होतं का रे बाबा?

त्यानं हातातला घास खाली ठेवला. वरच्या मजल्यावर एक म्हातारी एकटी राहायची, तो सांगायला लागला. थंडी सुरू झाली तेव्हा ह्यानं चिकन-भात केला आणि ताटलीभर तिला नेऊन दिला. तिनं दोन्ही हातांनी घेतला. दुसऱ्या दिवशी ह्याच्या दारासमोर ताटली ठेवलेली, घासूनपुसून चकचकीत, आणि रिकामी. माझ्या तोंडून 'अगं बाई' निघून गेलं. त्याच्या गावातही त्याचा अर्थ तोच, तुमचं तुम्हाला पोचलं, आता संबंध संपला. पोरगं दुखावलं. जिन्यात ती दिसली की खाली मान घालून जायला लागलं. सगळा हिवाळा असाच गेला.

तो कायमचा निघाला त्या दिवशी म्हातारी आपण होऊन दारात आली. म्हणाली, तुझ्या त्या भाताची चव अजून तोंडात आहे. ताटलीला डाग राहू नये म्हणून मी किती वेळ घासत बसले होते. माझं काय चुकलं? तिच्याकडं स्वच्छ भांडं परत देणं हाच मान होता. ह्याची बॅग तेव्हा टॅक्सीत ठेवून झाली होती.

मग तो माझ्याकडं न बघता लेकीकडं बघून काहीतरी बोलला. तिनं ते मला सावकाश सांगितलं. "तो म्हणतोय, ताटली रिकामी आली तर परत भरून न्यायची. मी न्हेली न्हाय."

ताटातला रस्सा निवून गेला. साक्षीदार मी आणला आणि तो फुटला विरुद्ध बाजूला. बरं, त्याला बोलू तरी काय? माझी आई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं.

मी लगेच हो म्हटलं नाही. चार दिवस भांडी आपटली. ह्यांना, मांजराला, दूधवाल्याला, सगळ्यांना बोलून घेतलं. मग एका सकाळी मांडणीवरची माझी स्टीलची ताटली काढली. लग्नातली, मशीननं ठिपक्या-ठिपक्यांत माझं नाव घातलेली, शेवटचं अक्षर जरा वाकडं. ती लेकीच्या बॅगेत चटणी आणि भडंगाच्या मध्ये ठेवली. तिनं ते बघितलं आणि मला मिठी मारली. वजन होत असलं तर काढून टाक, एवढंच मी म्हणाले. तिनं ती काढली नाही.

ती गेल्यावर घर खायला उठायचं. फोनवर ती सगळं छान आहे म्हणायची, पण आईला आवाज कळतो. ती रडून फोन करतेय हे मला कळायचं आणि मी रडून फोन उचलतेय हे तिला.

मग एक दिवस म्हणाली, खालच्या मजल्यावरच्या आजींना ताटलीतून शिरा दिला होता. ताटली आज परत आली. लख्ख घासून, रिकामी. मी विचारलं, मग? मग काय, म्हणाली, पोहे केले आणि परत नेले. तेव्हाही ताटली रिकामीच आली. तिनं पुन्हा भरून नेली. त्यानंतर आली तेव्हा तिच्यात सफरचंदाचा केक होता.

परवा मी फोनवर विचारलं, आजी कशा आहेत? ती हसायलाच लागली. ताटलीवर हे काय लिहिलंय म्हणून आजींनी विचारलं होतं. हिनं सांगितलं, नाव आहे. कसं म्हणायचं तेही शिकवलं. आजींना वाटलं, हिचंच नाव. तेव्हापासून त्या हिला माझ्या नावानं हाक मारतात. मी म्हटलं, अगं, मग खरं काय ते सांग की त्यांना.

"न्हाय सांगणार. सकाळी कामावर निघालो की जिन्यात तुझ्या नावानं हाक मारत्यात. मी ओ देतो."

तिकडं सकाळ होते तेव्हा इकडं माझ्या भाकरी उरकत आलेल्या असतात. त्या वेळी मी हात जरा थांबवते. पेठेत मला कुणी हाक मारलेली नसते, तरी मी हळूच ओ देते.