मॅडम आहेत तोवर

"बसू नका रे, बसलात की डोकं झोपतं!" असं म्हणत मॅडम मीटिंगच्या खोलीत शिरायच्या आणि आमच्या खुर्च्या मागे सारायच्या. मीटिंग उभ्यानं, चहा उभ्यानं. मूळच्या श्रीवर्धनकडच्या. ईदला डबा भरून शीरखुर्मा आणायच्या, तोही जिन्यात उभ्या-उभ्याच वाढायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या शेजारी जरा वेळ काढला की आपलेच पाय वळवळायला लागतात.

जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाल्यावर मॅडम नवी मुंबईतल्या आमच्या न्यायिक प्रशिक्षण केंद्रात आल्या. देशभरातले नवे न्यायाधीश इथं शिकायला येतात आणि मी त्यांना शिकवायला होतो. केंद्र तेव्हा नवं होतं. इमारत चकचकीत, पण शिकवणारे बहुतेक पाहुणे. पाहुणा यायचा, भाषण करायचा, शाल-नारळ घेऊन जायचा. मॅडम वैतागायच्या. "हे प्रशिक्षण केंद्र आहे की मंगल कार्यालय?"

मग त्यांनी सराव न्यायालय सुरू केलं. खटला खोटा, पण साक्षीला बाहेरची साधी माणसं. घटनेची गोष्ट आम्ही त्यांना आधी सांगून ठेवायचो. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले एक माथाडी काका, साताऱ्याकडचे, नेहमी यायचे. नव्या न्यायाधीशांची एक खोड ठरलेली. साक्षीदार अडखळला की त्याचं वाक्य हेच पुरं करणार आणि तेच टंकलेखकाला सांगून मोकळे होणार. काका चिडायचे, "साहेब, जरा रुको की! मेरेको याद तो करने दो!" म्हणून मॅडमनी नियम केला. प्रश्न विचारला की तळहात टेबलावर पालथा ठेवायचा, साक्षीदार बोलेपर्यंत उचलायचा नाही आणि तोंडही उघडायचं नाही. गंमत बघा, हे शिकवत होतं कोण, तर जिला लिफ्टची वाट बघवत नाही ती बाई.

त्यांची मुदत संपत आली तेव्हा वरचे साहेब कौतुकानं म्हणाले, "मॅडम आहेत तोवर चालू द्या हे." त्या वाक्यानं मॅडमची झोप उडाली. "आहेत तोवर म्हणजे काय रे? माझ्यामागे बंद पडणार असेल, तर मी इतके दिवस केलं काय?"

त्यांनी वर्ग मला सोपवला. सोपवला म्हणजे काय, तर मागच्या बाकांमागे फेऱ्या मारत मधेमधे बोलायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, "मॅडम, मला चुकू तरी द्या."

"चूक ना! पण लवकर चूक."

सराव न्यायालय ठेवायचं की काढायचं, हे ठरवायला एक समिती आली. मॅडमशिवाय वर्ग कसा चालतो तेच त्यांना पाहायचं होतं, म्हणून मॅडमना बाहेर थांबायला सांगितलं होतं. व्हरांड्यात त्यांच्या चपला वाजत होत्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

आत एका तरुण न्यायाधीशानं काकांना विचारलं, "उस वक्त आप कहाँ थे?" आणि हात टेबलावर ठेवला. काका गप्प. समितीतल्या एकानं घड्याळ पाहिलं. तेवढ्यात दार उघडून मॅडम आत आल्या. "अरे, काकांना जरा..."

"मॅडम, साक्ष चालू आहे. बाहेर थांबा."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग मागे सरकल्या आणि दार हळूच ओढून घेतलं. त्या पोरानं हात उचलला नव्हता. थोड्या वेळानं काका खाली बघत म्हणाले, "सच बोलूँ क्या साहेब? डर के मारे छुप गया था मैं." ही कबुली आम्हीच काकांच्या गोष्टीत ठेवली होती. घाई करणाऱ्याला ती कधी मिळायची नाही.

समितीनं सराव न्यायालय कायम ठेवलं. मी धावत बाहेर आलो, तर मॅडम रिक्षानं निघून गेल्या होत्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "हाकललंस ना मला? शाब्बास!" आवाज भरून आला होता.

मॅडम कामोठ्यात राहतात, काही लांब नाही. प्रत्येक नव्या तुकडीच्या वेळी मी त्यांना बोलावतो, त्या येत नाहीत. "नको रे. मी आले की सगळे माझ्याकडे बघत बसतील." आता नव्या तुकड्यांना त्यांचं नावही माहीत नाही. मला याचा फार राग येतो. कोणावर, ते विचारू नका.

परवा एका मुलीनं विचारलं, "सर, हे सगळं सुरू कोणी केलं?" मी वर्गाबाहेर येऊन फोन लावला. "मॅडम, तुमचं नाव सांगू का?"

"कशाला? वर्ग वेळेवर सुरू झाला ना?"

"झाला."

"मग ठेव फोन."

त्यांनी मात्र ठेवला नाही. मीही ठेवला नाही.