शिगेची पायली

आमच्या गावच्या गावदेवीचा भंडारा पौषात असतो, म्हसा गावच्या जत्रेच्या थोडा आधी. लग्न होऊन मी किन्हवलीकडे गेले, तिथेच शाळेत नोकरी केली, पण भंडारा कधी चुकवला नाही. सासरी थट्टा व्हायची की हिला देवीपेक्षा भोपळ्याची भाजीच जास्त बोलावते. होऊ दे. तशी भाजी दुसरीकडे कुठे होत नाही, आणि माहेर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे घर नाही, ती पंगत येते.

आदल्या दिवशी सकाळी देवळासमोर घोंगडी अंथरली जायची आणि गावातला एक म्हातारा पायली घेऊन तिच्यावर बसायचा. पायली म्हणजे तांदूळ मोजायचं माप. ही पितळेची होती, गावाची, आणि वर्षभर देवळातच असायची. प्रत्येक घराने आपला तांदूळ आणायचा. ज्याच्या खळ्यावर भात भरपूर, त्याच्या पायल्या शिगेच्या, म्हणजे वर ढीग राहील अशा, आणि त्याही म्हातारा पुरे म्हणेपर्यंत. ज्याचं जेमतेम पिकलं त्याची एकच पायली, तळहाताने सपाट केलेली. ज्याला शेतच नव्हतं त्याने यायचं आणि रिकाम्या पायलीला हात लावायचा. तिघांसाठीही म्हातारा एकाच सुरात ओरडायचा, "घर आलं." मग दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या तांदळाचा एकच भात शिजायचा. उरलेला तांदूळ देवळामागच्या कणगीत भरून ठेवत, आणि पावसाळ्यात ज्याच्या घरचा सरेल तो तिथून घेऊन जाई. कोणी किती नेला हे कोणी विचारत नसे.

आमचं घर त्या वेळी गावात सगळ्यात जास्त शेतीवाल्याचं. बाबा काही संत नव्हते. पोतं उचलताना ते दरवर्षी कुरकुरत की देवीला आमचाच दरवाजा बरा दिसतो. एका वर्षी त्यांनी पायली भरून सवयीने वरून हात फिरवला, सपाट केली.  म्हातारा आभाळाकडे बघत बसून राहिला. मागे माणसं खोळंबली, कुणीतरी खाकरलं, तेव्हा बाबांनी कान लाल करून शीग चढवली. घरी आल्यावर आईने त्यांची इतकी फिरकी घेतली की ते जेवण होईपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. पण बाबांच्या तोंडून मी अन्याय हा शब्द कधी ऐकला नाही. ज्याच्याकडे रास आहे त्याची शीग, हे त्यांना उन्हाळ्यात ऊन पडतं इतकं साधं वाटायचं.

खालच्या आळीतली काकी रिकाम्या पायलीला हात लावणाऱ्यांतली. ती आणि तिचा नवरा आमच्याच शेतावर लावणीला, कापणीला यायची. पायलीला हात लावून झाला की ती पदर खोचून तांदूळ निवडायला बसायची ती उठायची नाही. पंगतीत आई वाढायला असायची, म्हणून मी काकीला चिकटून बसायचे. माझ्या पानातली मिरची ती आधी वेचून काढायची आणि आपल्या पानातला गुळाचा खडा माझ्याकडे सरकवायची. मोठी झाल्यावरही, अगदी पोराबाळांची आई झाल्यावरही, मी तिच्याच शेजारी बसत आले.

बाबा गेल्यावर घर धाकट्या भावाकडे आलं. त्याने रस्त्याकडची जमीन बंगलेवाल्यांना विकली, मग जेसीबी घेतले, मग भिवंडीकडे गोदामं बांधली. आज आमच्या बाजूला त्याच्याइतकी कमाई कुणाची नसेल. हुशार आहे, कष्टाळू आहे, आणि साडी दिल्याशिवाय मला कधी परत पाठवत नाही. त्याच्याविषयी वाईट लिहायला माझा हात धजत नाही, म्हणून घडलं तेवढंच लिहिते.

काही वर्षांपूर्वी त्यानेच गावच्या बैठकीत मांडलं की पायलीचं हे जुनं खूळ आता पुरे. प्रत्येक घराने सारखी वर्गणी द्यावी, कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही. टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी हात वर केला तो काकीने. तेव्हा तिला एका बंगल्याच्या बागेत काम होतं, आणि रिकाम्या मापाला हात लावून लावून तिचा जीव विटला होता. आता आपणही चारचौघांसारखी नोट ठेवणार, हा आनंद मला तिच्या फोनवरच्या आवाजातही ऐकू आला. त्या आनंदाला मी काय नावं ठेवणार? सारखं म्हणजे बरोबर, असं सगळ्या गावाला वाटलं. पण भावाने जी रक्कम खिशातून न बघता काढून दिली, तिच्यासाठी काकीला दिवसचे दिवस कुणाच्या तरी गुलाबांपुढे वाकावं लागलं.

कणगी गेली, आचारी आले. भावाने देवळाला संगमरवरी फरशी घातली आणि दाराशी आमच्या घराण्याच्या नावाची पाटी लागली. फरशी सुंदर आहे. थंडीत तिच्यावर पाय ठेववत नाही.

यंदा मी धसईला बसमधून उतरून रिक्षाने घरी पोचले, तेव्हा भावजयीने सांगितलं की काकी भंडाऱ्याला येणार नाही. तिचा नवरा मागच्या वर्षी गेला, गुडघ्यांमुळे बागकाम सुटलं, आणि वर्गणी तिला जमली नाही. नुसती ये म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. भाऊ म्हणाला होता तुझे मी भरतो, तर तिने हात जोडले. घर आलेलं नसताना पंगतीत बसणं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.  मी भाजीसाठी येत नव्हते, तिच्या शेजारच्या जागेसाठी येत होते, हे मला त्या क्षणी कळलं.

दुपारी पंगती सुरू व्हायच्या आधी भाऊ टीव्हीसमोर बसला होता. फार मोठी कमाई असणाऱ्यांवर जास्त आयकर लावावा का, यावर चार माणसं एकमेकांवर ओरडत होती. भाऊ तापला होता.

"ताई, जास्त कमावलं म्हणून जास्त द्यायचं? ही तर मेहनतीची शिक्षा झाली."

मी म्हटलं की बाबा शीग द्यायचे, त्यांना कुणी शिक्षा केली होती? तो म्हणाला की तो काळ वेगळा, आणि तो काय देत नाही का, फरशी कोणी घातली? मी म्हटलं की तू देतोस, पण तुला वाटेल तेव्हा आणि वाटेल ते देतोस. पायली परत काढ, आणि पहिली शीग तू घाल. असल्या बाबतीत मला काय कळतं, असं म्हणून गप्प बसणं बायकांना सोपं असतं. मला कळतं. देशाचं मापही तसंच असावं असं मला वाटतं, आणि मी ते त्याला सांगितलं.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुला काकीचीच काळजी आहे ना? ताट पाठवतो."

आणि त्याने खरोखर स्वतः आचाऱ्याकडे जाऊन ताट भरलं. भात, आमटी, भोपळ्याची भाजी, लापशीवर जास्तीचं तूप. प्रेमाने भरलं, हे मी शपथेवर सांगेन. वर दुसरं ताट झाकून मी खालच्या आळीत गेले.

काकी चुलीपाशी होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. तिने पाट सरकवला, माझ्या नवऱ्याच्या खोकल्याची चौकशी केली. मी ताट तिच्यापुढे ठेवून झाकण काढलं. तिने वास घेतला, डोळे मिटले. मग विचारलं की हे पंगतीतलं हाय का. मी खोटं बोलू शकले असते, पण तिच्याशी मला ते कधीच जमलेलं नाही. भावाने भरून पाठवलंय, म्हणून सांगितलं.

तिने झाकण परत ठेवलं आणि ताट हळूच माझ्याकडे सरकवलं.

"मग ह्यो भात तुज्या भावाचा हाय गो बाय. गावाचा नाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिकडे देवळाकडे पंगत बसल्याचा गलका झाला. माझे डोळे भरून आले ते तिने पाहिलं. तू जेवलीस का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं, तेव्हा तिने चुलीवरची पेज उतरवली, दोन वाडग्यांत वाटली आणि जास्त भरलेला वाडगा माझ्यापुढे ठेवला.