घारीचा डबा

सुरतेत प्लेग पसरला असताना मी तिथून घारी घेऊन आलो. ही माझी चूक. हसा — एवढी गोष्ट मीही आजवर हसत हसतच सांगत आलोय. पुढची कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही.

बहिणीकडे गेलो होतो. शहरात घबराट उडाली तसं तिनं मला गाडीत बसवलं आणि हातात डबा दिला. तुपात थिजलेली, माव्यानं भरलेली घारी. झाकणावर गुजरातीत मिठाईवाल्याचं नाव, खाली ठळक ‘सुरत’. आमच्या अमळनेरला सुरतेहून आलेल्यांना उतरवून घेतात, गोळ्या देतात आणि शाळेत कोंडतात, हे गाडीभर पसरलेलं. म्हणून मी नंदुरबारला उतरून तिथून पुढचं नवं तिकीट काढलं. केवढी अक्कल! डबा मात्र — फेकवला नाही.

तिथेच निंबा चढला. आमच्या मागच्या गल्लीतला गवंडी, कामासाठी नंदुरबारला असायचा. आईचं काही खरं नाही, असा निरोप आला म्हणून निघालेला. “माय मनी वाट देखी ऱ्हायनी, भाऊ,” एवढंच बोलला. मग मीच बोलत सुटलो. सरकारनं आधी गटारी उपसाव्यात, मग माणसं कोंडावीत! मी काय बोकड आहे? माणसाला स्वातंत्र्य म्हणून काही आहे की नाही? गाडी हसत होती. निंबाही हसला.

अमळनेर आलं. फलाटावर आरोग्य खात्याची माणसं एकेकाची पिशवी उघडून बघत होती. तिकिटावर त्यांचा भरवसा नव्हता. माझ्यासारखे हुशार बरेच निघाले असणार. निंबा दाराशी जाऊन वाकून बघत होता, त्याची पिशवी बाकावर. आणि मी —

थांबा. हात आपोआप गेला, असं म्हणू का? नाही गेला. मी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग डबा त्याच्या पिशवीत, थापीच्या खाली सरकवला.

फलाटावर त्याच्या पिशवीतून तो निघाला. “हाऊ डबा मना नही शे, साहेब,” निंबा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. सगळ्या वाटेत त्यानं तो माझ्या मांडीवर पाहिलेला. “भाऊ, सांगा ना यास्ले.”

“तुमचा आहे का?” साहेबांनी मला विचारलं.

काय अवघड होतं? मी म्हणालो, “छे! मी नंदुरबारहून येतोय.” वर तिकीटही दाखवलं.

त्याला नेलं. डबा तिथेच जाळला. घारी गेली म्हणून मला वाईट वाटलं — हेही सांगून टाकतो.

निंबाची आई गेली तेव्हा तो शाळेतच होता. तेव्हा तरी जाऊन सांगता आलं असतं. शाळा काही लांब नव्हती. गेलो नाही. मुलगा सुरतेहून आलेला ठरला, म्हणून म्हातारीला खांदा द्यायला कुणी पुढे होईना. मग मी झालो. सगळ्या गल्लीत सुरतेहून आलेला एकटा मीच — आणि तिरडी मी उचलली! लोक म्हणाले, छातीचा माणूस. मी ऐकून घेतलं. खरं सांगू? बरंही वाटलं. अग्नी पुतण्यानं दिला.

निंबा सुटून आला तसं मी त्याच्या गल्लीतून जाणं सोडलं. बाजाराला जाताना लांबचा फेरा घालायचो. मला कुणाची बंदी होती? कित्येक वर्षं असाच हिंडलो. आणि एकदा भाजीबाजारात तो अगदी समोर आला. मी वांगी निवडू लागलो, घ्यायची नसताना. तो शेजारी येऊन उभा राहिला.

“भाऊ, आमनी गल्लीमाईन जात जा,” तो म्हणाला. “माले प्लेग नही शे. तवयबी नव्हता.”